खात्याचं पान

डोंबिवली, रविवार

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू म्हणाला होतास, "आई, तुझ्या लालबागच्या दुकानांचं एकदा लिहून काढ. सांगायला लागतेस आणि अर्ध्यात कुकर लावायला उठतेस." आज बाबा कळव्याला आत्याकडे गेलेत, कुकर लावायचा नाहीये, म्हणून बसले लिहायला. मंगळवारच्या फोनबद्दल यात एक अक्षर काढणार नाही. मी बोलले ते बोलले, तू फोन ठेवलास तो ठेवलास.

तर दुकानं. चाळीचा जिना उतरलं की आधी लाँड्री, मग कोळशाची वखार, मग चक्की आणि कोपऱ्यावर वाणी. वखारवाला पावसाळ्यात ओला कोळसा देतो, म्हणजे वजनाला पाणीच विकतो, अशी आजीची कायमची तक्रार. पलीकडे तासाच्या भाड्यानं सायकली देणारा. राजूमामाचा गुडघा फुटला होता तो त्याच्याच सायकलवरून. एप्रिल-मे आला की बाजारातून मिरच्यांचा असा खकाणा उठायचा की वर्गात बाई शिंकायच्या आणि आम्ही हसायचो. वर्षाचा मसाला करायला दादर-परळच्या बायका लालबागेत यायच्या. आम्हाला मात्र तो वास म्हणजे परीक्षा संपल्याचा वास.

चक्कीत माणसांची नाही, डब्यांची रांग असायची. डबा लावायचा आणि खेळायला पळायचं. पण आजीचा हुकूम होता, आधी कुणाचं दळण चाललंय ते बघ. बाजरीवर आपला गहू पडला तर पीठ करडं होतं आणि पोळ्यांना वास येतो. म्हणून गव्हाच्या डब्यामागेच डबा सरकवायचा, मध्ये बाजरीवाली काकू घुसली तर भांडायचं. मी भांडायला पटाईत होते, हे तुला सांगायला नको. पीठ गरम असतानाच डबा उचलायचा, तो पोटाशी धरला की थंडीत बरं वाटायचं. चक्कीवाल्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. आबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. पाळी सुटली की त्यांच्या केसांत, कानांत कापूस असायचा. दोघं बोलत उभे राहिले की कोण पिठाचा आणि कोण गिरणीचा, लांबून कळायचं नाही.

वाण्याला आम्ही शेठ म्हणायचो. खरं नाव चाळीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. कच्छी माणूस. बोलायचा खणखणीत मराठी, पण हिशेब पुटपुटताना गुजरातीत शिरायचा. दुकानाला शटर नव्हतं. फळ्या होत्या, त्यांवर खडूनं नंबर घातलेले. सकाळी एकापाठोपाठ एक काढून भिंतीशी लावायच्या. शेठ गादीवर मांडी घालून बसायचा. आढ्याला एक जाड दोर बांधलेला होता, उठायचं झालं की तो धरून स्वतःला वर ओढायचा. तागडीच्या एका पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला. त्याला पासंग म्हणतात. दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला तेवढं वजन लावतात. आजीला तो गोळा संशयास्पद वाटायचा. रिकामी तागडी उचलून दाखव, मगच डाळ टाक, असं ती दर खेपेला म्हणायची आणि शेठ दर खेपेला न चिडता उचलून दाखवायचा.

पुडी बांधणं हे तर बघत राहावं असं काम. वर्तमानपत्राचा चौकोन, मध्ये जिरं, दोन घड्या, छतातून लोंबणाऱ्या दोऱ्याचे दोन वेढे, आणि दोरा बोटाला गुंडाळून टच्कन तोडायचा. कात्री नाहीच. मी घरी येऊन पुडी सोडायचे आणि कागद वाचायचे. अर्धी बातमी जिऱ्याबरोबर आलेली, उरलेली दुसऱ्या कुणाच्या तरी मोहरीला. बाटलीतलं गोडेतेल नरसाळ्यातून ओतून झालं की नरसाळं मिनिटभर तसंच धरून ठेवायचा, शेवटचा थेंब गिऱ्हाइकाचा. आणि वर गुळाचा खडा. पाच पैशाचं चौकोनी नाणं नेलं तर लिमलेटच्या गोळ्या, पण गुळाचा खडा फुकट, म्हणून त्याची चव जास्त.

नाणं आम्ही क्वचितच न्यायचो. खात्यावर असायचं सगळं. प्रत्येक घराचं लाल चोपडीत एक पान, आमचं 47. "सत्तेचाळीसवाली आली," असं शेठचा पोरगा ओरडायचा. आमच्याकडेही एक छोटी वही असायची, तिच्यात तेच आकडे. पगार झाला की आबा स्वतः जाऊन चुकतं करायचे, शेठ पानावर आडवी रेघ मारायचा, आणि त्या संध्याकाळी चिवडा गल्लीतला चिवडा. आबांच्या लहानपणी म्हणे पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी व्याजानं पैसे देणारे काठ्या घेऊन उभे असायचे, पगाराचं पाकीट घरी पोचायच्या आत अर्धं रिकामं. आबा ते सांगायचे आणि म्हणायचे, आपलं बरं आहे, आपल्याला फक्त वाणी आहे.

आता काठी लागत नाही. फोन लागतो, आणि तो आईला लावतात. हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही. तो मुलगा तुझ्याच वयाचा असेल. आधी "मॅडम" म्हणाला, नंतर म्हणाला नाही. संध्याकाळचे 7 वाजून 40 मिनिटं झाली होती. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच लिहून दिलंय, आणि कर्जाच्या अ‍ॅपनं माणसाच्या फोनमधले नंबर उपसायचे नाहीत, हेही त्याच वर्षी. त्याला मी हे सुनावलं. माझा नंबर तुला कुठून मिळाला, तेही विचारलं. 26 वर्षं पतपेढीत काढलीत, घाबरले नाही. घाबरले ते त्यानं फोन ठेवल्यावर. कारण बाकी किती, हे त्यानं सांगितलं नाही आणि तूही सांगत नाहीस.

असो.

1982 सालचं तुला थोडं माहीत आहे, पण आबा त्यावर बोलायचे नाहीत म्हणून तुकड्यातुकड्यानं. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. सकाळचा भोंगा थांबला तेव्हा पहिले काही दिवस चाळीत सगळ्यांना उशिरा जाग यायची. दोन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणत होता. शेठही म्हणत होता, म्हणून चोपडी चालू होती. एकट्या आमची नव्हे, अख्ख्या चाळीची, पुढच्या चार चाळींची. पगाराची रेघ मात्र कुठल्याच पानावर पडत नव्हती. आजी लिज्जतचे पापड लाटायला लागली. मे महिन्यात निम्मी चाळ कोकणात गेली, भातलावणीला म्हणून, आणि त्यातली बरीच परत आली नाही. आबा थांबले. संप फुटू नये म्हणून थांबले की गावी भावांपुढे रिकाम्या हातानं जायचं नव्हतं म्हणून, ते त्यांनाच माहीत.

मी अकरा वर्षांची. ऑगस्टमध्ये आजीनं मला अर्धा किलो साखर आणि चहाची पूड आणायला पाठवलं. शेठनं माझ्या हातातली वही घेतली. पेन्सिल कानावरून काढली, पण लिहिलं नाही. बेरजेवरून बोट फिरवत राहिला. 1,180 रुपये. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि अगदी हळू म्हणाला, "आबांना सांग, येऊन भेटून जा." ओरडला असता तर बरं झालं असतं. मागे बाजरीवाली काकू उभी होती.

मी घरी सांगितलं, दुकान बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि बघ, त्याच आठवड्यात 18 तारखेला पोलिसांचंच बंड झालं, गिरणगावात दगडफेक, लुटालूट, आणि दुकानं खरोखरच बंद झाली. माझं खोटं खपून गेलं. चार दिवस मी कोऱ्या, बिनसाखरेच्या चहाकडे बघत बसले होते आणि रात्री झोप नव्हती. फळ्या उघडतील तेव्हा काय, एवढंच डोक्यात. कुणी मारणार नव्हतं, ते मलाही माहीत होतं, तरी.

तुला झोप येते का रे?

पाचव्या दिवशी आजी स्वतः खाली गेली आणि सगळं कळलं. मला कुणी बोललं नाही. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि गेले. अर्ध्या तासानं आले. म्हणाले, "उद्यापासून रोख." मग बऱ्याच वेळानं, "शेठचंही मशीद बंदरच्या घाऊकवाल्यांना देणं आहे." आणि झोपताना आजीला म्हणाले, पोरीला पाठवायला नको होतं. मी जागीच होते.

त्यानंतर आबा त्या कोपऱ्यावरून जायचेच नाहीत. भारतमाता टॉकीजच्या बाजूनं वळसा घालून यायचे. गोदामात वॉचमनची नोकरी लागल्यावर महिन्याला 50 रुपये फेडायला लागले, पण ते द्यायला आजी जायची. शेठनं एक रुपया सोडला नाही आणि एक पैसा व्याज लावलं नाही. 1984 ची दिवाळी झाल्यावर आजी पैसे घेऊन गेली तर फळ्या लावलेल्या. तो कच्छला गेला म्हणे, कुणी म्हणे मुलुंडला भावाकडे. आमच्या वहीत 230 रुपये बाकी राहिले. मला कधीकधी वाटतं, ते दुकान आमच्यासारख्या पानांनीच बुडवलं. बाबा म्हणतात, गिरण्यांनी बुडवलं. बाबांचं बरोबर असेल, पण 47 नंबरचं पान त्यांचं नव्हतं ना.

तू आणि मी काही वेगळं केलेलं नाही, हे मला परवा रात्री भाजी निवडताना कळलं. मी म्हटलं दुकान बंद आहे, तू म्हणतोस "मॅनेज करतोय." म्हणून मंगळवारी जे "तुला लाज नाही वाटत का" असं म्हटलं, ते मागे घेते. लाज वाटते म्हणूनच माणूस लपवतो. मला हे माहीत असायला हवं होतं.

पण ऐक. शेठची बाकी कित्येक महिने पडून राहिली तरी 1,180 ची 1,180 च राहिली. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42. पन्नास हजार असतील तर महिन्याला 1,750 नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. एकाचं फेडायला दुसरीकडून उचललंस का? याची टोपी त्याच्या डोक्यावर करणारे मी काउंटरवरून रोज बघितलेत. चांगली, शिकलेली, स्वच्छ कपड्यांतली माणसं. आणि मागे जामीनदार म्हणून सही केलेला मेहुणा, रडत. सगळी कर्जं एका कागदावर लिही, व्याज सर्वांत जास्त त्याचं आधी बंद कर, नवीन अ‍ॅप आजच्या आज काढून टाक. तिसरा फोन, लडाखची ट्रिप, हे मी काढत नाही. काढलं वाटतं. जाऊ दे, तरुण वयात माणूस डोंगर बघणार नाही तर कधी बघणार. आम्ही लोणावळ्याच्या पुढे गेलो नाही, ते काही भूषण नाही.

एक मात्र विचारते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तू मला वॉशिंग मशीन पाठवलंस, दारात टेम्पो आला, आणि मी अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवलं. माझ्या मुलानं घेतलं, पहिल्या बोनसचं. ते हप्त्यावर होतं का? असलं तरी राग नाही. पण मग त्याचे हप्ते मला भरू दे. तेवढी एफडी मुदतीला आलीय. नको म्हणशील, माहीत आहे.

दिवाळीत तू बसल्या जागी कोथिंबीर मागवलीस आणि दहा मिनिटांत ती आली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. खरं तर मला ते आवडलं होतं. फक्त त्या पोरानं घाईत जुडी दारात ठेवली आणि मी "पाणी घेणार का" म्हणेपर्यंत जिन्यातून खाली गेला. तेवढंच खटकलं.

शनिवारी ये. शेवग्याच्या शेंगा आणून ठेवते. नाहीच जमलं तर फोनवर बोलू नकोस, फोनवर आपण दोघं भांडतो. आकडा नुसता लिहून पाठव. पुढे-मागे काही लिहायची गरज नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण काल जेवताना ते आपण होऊन म्हणाले, ओंकारचा फोन आला नाही बरेच दिवसांत. मी म्हटलं, कामात असेल.