सर, ते शिफारसपत्र

आदरणीय सर,
सा. न.

तोंडावर आभार मानले तर ‘ओपीडी कोण बघतंय?’ म्हणून हाकलून द्याल, म्हणून हे जाहीर पत्र.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स १९६८ पासून परदेशी सर्जनांना इंटरनॅशनल गेस्ट स्कॉलरशिप देते. त्यांच्या वार्षिक परिषदेला, म्हणजे क्लिनिकल काँग्रेसला, हजर राहायचं आणि तिथली रुग्णालयं पाहायची. हे मुंबई-पुण्याच्या लोकांचं काम, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही नियम वाचायला लावलेत: जिथे कायम राहणार तिथे काम केलेलं हवं, शिकवण्याची किंवा संशोधनाची ओढ हवी. ‘हे तर सोलापूरलाच लागू पडतं की बे!’ म्हणालात.

अर्जासोबत शिफारसपत्र हवं होतं. त्याची आपल्याकडची रीत ठाऊकच आहे: ‘तूच टाइप करून आण, सही ठोकतो.’ मीही पेनड्राइव्ह घेऊन आलो होतो. तुम्ही तो हातातही घेतला नाहीत. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून माझे दोन हर्निया आणि एक पित्ताशय पाहिलंत. पत्रात हुशार, कष्टाळू वगैरे काही नव्हतं. ‘शेवटचे टाके ज्युनियरला घालू देतो आणि हात मागे बांधून उभा राहतो,’ असं होतं. वर ‘घाईत असला की ओरडतो’ हेही! मी म्हटलं, सर, एवढं काढा. ‘ते वाचलं तरच बाकीचं खरं वाटेल,’ म्हणालात.

स्कॉलरशिप मिळाली, अमेरिकेला गेलो. तिथला परवाना नसल्याने रुग्णाला हात लावता येत नाही, नुसतं पाहायचं. सुरुवातीला जीव कासावीस झाला. पण मोकळ्या हातांनी उभं राहिल्यावर ऑपरेशनपेक्षा माणसं जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची ऑपरेशनची सुरक्षा-यादी आपल्याही भिंतीवर आहे. तिथे सिस्टर ती मोठ्याने वाचत होत्या आणि चीर देण्याआधी सर्जन गपगुमान थांबत होता. आता आमच्या सिस्टरही वाचतात. पेशंट तेलुगू बोलणारा असेल, तर भूल देण्याआधी नाव आणि ऑपरेशनची बाजू तेलुगूतच विचारतात.

भैय्या चौकातून जाताना वाटतं, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथलेच झाले. माझ्या खिशात तर परतीचं तिकीट होतं, आणि इथे इमर्जन्सी सांभाळायला निवृत्तीनंतरही तुम्ही. रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्या मॅडमचे आभार वेगळे मानायचेत. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत मीच येणार, हे त्यांच्याशी ठरवून टाकलंय. तुम्हाला विचारलेलं नाही.

आपला विद्यार्थी