ध्रुवावरून येणारा आवाज आणि ‘रेडिओ ठप्प’च्या बातम्या

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे २०२४ मधील मोठ्या सौरवादळात लडाखच्या हानले येथून तांबूस आकाशाची छायाचित्रे आली आणि तेव्हापासून सूर्यावर एखादी मोठी ज्वाला उसळली की मराठी वृत्तपत्रे तिची दखल घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अशा बातम्यांत ‘जगभरातील रेडिओ यंत्रणा ठप्प’ हे वाक्य ठरल्यासारखे येते आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. शॉर्टवेव्ह (लघुतरंग) रेडिओ सगळीकडे एकाच वेळी आणि एकाच कारणाने बंद पडत नसतो. तो सर्वांत जास्त काळ बंद राहतो ध्रुवीय प्रदेशांवरून जाणाऱ्या वाटांवर, आणि आपल्याकडून अमेरिकेला जाणारी वाट नेमकी तिथूनच जाते.

घरातल्या पृथ्वीगोलावर पुणे आणि कोलोरॅडोमधील डेन्व्हर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सैबेरिया ओलांडून जवळजवळ थेट उत्तर ध्रुवावरून जातो. मी अनेक वर्षे परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. त्या दिशेने येणारे बोलणे मला नाव कळण्याआधीच ओळखू येते, कारण चालू टेबल फॅनसमोर तोंड धरून कोणी बोलावे तसा तो आवाज थरथरत असतो. आम्ही त्याला ‘फ्लटर’ म्हणतो. वातावरणाच्या ज्या विद्युतभारित थरांवरून, म्हणजे आयनांबरावरून, लघुतरंग परततात, ते थर ध्रुवांवर सलग नसतात. तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नसला तरी वरचा थर पुरता विरत नाही. उजेडाच्या बाजूला तयार झालेले आयनद्रव्य, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, सौरवाऱ्याच्या प्रभावाने ठिगळांसारखे ध्रुवावरून पलीकडे वाहत राहते. एकच संदेश अशा अनेक सरकत्या ठिगळांवरून, किंचित वेगवेगळ्या वेळी आणि किंचित बदललेल्या कंप्रतेने (फ्रिक्वेन्सीने) आपल्यापर्यंत पोहोचतो, म्हणून आवाज थरथरतो.

हे झाले शांत दिवसांचे. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात आणि जिथे दिवस आहे त्या अर्ध्या भागात आयनांबराचा सर्वांत खालचा थर इतका दाट करतात की त्यात लघुतरंग शोषले जातात. भारतात दुपार असेल तर हे आपल्यालाही जाणवते, पण बहुधा तास-दोन तासांत सारे पूर्ववत होते. काही ज्वालांबरोबर वेगवान प्रोटॉनही सुटतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना महाराष्ट्रासारख्या कमी अक्षांशांच्या प्रदेशांवर उतरू देत नाही, कारण येथे बलरेषा त्यांच्या वाटेत आडव्या येतात. ध्रुवांजवळ त्याच रेषा जवळजवळ उभ्या असल्याने प्रोटॉन त्यांच्याभोवती गिरक्या घेत ५० ते ९० किलोमीटर उंचीपर्यंत खाली येतात आणि ध्रुवाभोवतीच्या संपूर्ण प्रदेशावर शोषणाचे झाकण बसवतात. २३ फेब्रुवारी १९५६ च्या सौरस्फोटानंतर हा परिणाम प्रथम नीट ओळखला गेला. हे झाकण कित्येकदा काही दिवस हटत नाही.

कंप्रता जितकी कमी तितके शोषण जास्त, म्हणून अशा वेळी आम्ही वरच्या कंप्रतेकडे सरकतो. परंतु मागोमाग चुंबकीय वादळ आले, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच ढवळून निघाले, की वरचा थर विरळ होतो आणि उच्च कंप्रतेच्या लहरी परत न येता अवकाशात निघून जातात. खालून शोषण आणि वरून गळती, अशी वाट दोन्ही बाजूंनी बंद होते. अँटेना उलट दिशेला फिरवून लांबच्या वाटेने प्रयत्न करावा, तर ती वाट अंटार्क्टिकावरून जाते आणि तेथेही त्याच वेळी तसेच झाकण बसलेले असते.

ध्रुवीय प्रदेशात लघुतरंगांचे गणित किती वेगळे असते, हे १९२८ च्या एका प्रसंगावरून कळते. इटलीचे ध्रुवीय मोहीमवीर उंबेर्तो नोबिले यांची ‘इटालिया’ ही वायुनौका (एअरशिप) २५ मे रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या ईशान्येला बर्फावर कोसळली. बचावलेल्यांपैकी रेडिओचालक ज्युसेप्पे बियाजी हे सुमारे तीस मीटर तरंगलांबीच्या छोट्या प्रक्षेपकावरून रोज मदत मागत होते, पण काहीशे किलोमीटरवरील स्वालबार्डच्याच किंग्ज बे येथे उभ्या असलेल्या त्यांच्याच मदतनौकेला ते ऐकू गेले नाही. ३ जून रोजी तो संदेश ऐकला तो रशियातील एका खेड्यातल्या निकोलाय श्मिट या हौशी रेडिओचालकाने. जमिनीलगत जाणारी लहर थोड्याच अंतरात क्षीण होते आणि आयनांबरावरून परतणारी लहर फार दूर जाऊन उतरते. मधल्या टापूत काहीच ऐकू येत नाही. मदतनौका त्या मुक्या टापूत होती. आज त्याच किंग्ज बेच्या काठी, न्यू-ओलेसुंड येथे, गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालवले जाणारे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे.

हा विषय केवळ आम्हा हौशी मंडळींपुरता नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरु हे विमान उत्तर ध्रुवावरून आणले, तेव्हा सर्वच वृत्तपत्रांनी त्यांचे यथोचित कौतुक केले. साधारण ८२ अंश उत्तर अक्षांशापलीकडे विषुववृत्तावरचे भूस्थिर उपग्रह विमानाच्या उपयोगाचे राहत नाहीत, आणि ध्रुवांवरून फिरणारे काही उपग्रह आज उपलब्ध असले तरी तेथे शॉर्टवेव्हचा आधार अजून सुटलेला नाही. जानेवारी २००५ मधील प्रोटॉनच्या माऱ्यात एका अमेरिकी कंपनीला आपल्या २६ उड्डाणांचे ध्रुवीय मार्ग पाच दिवसांत बदलावे लागले होते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, पुढील सौरवादळाच्या बातमीत ‘रेडिओ ठप्प’ असे मोघम न लिहिता तो क्ष-किरणांमुळे दिवसाच्या बाजूला बंद पडला, प्रोटॉनमुळे ध्रुवांवर बंद पडला की चुंबकीय वादळामुळे वरचा थर विस्कटला, हे एका वाक्यात सांगावे. अंतराळ हवामानाच्या इशाऱ्यांत हे तीन प्रकार स्वतंत्रपणे दिलेले असतात.

आपला नियमित वाचक,
एक हौशी रेडिओचालक, पुणे