शौचाच्या जागेची खाज : लाजू नका, आधी कारण शोधा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर पावसाळ्यातल्या त्वचाविकारांची माहिती आली होती. नायटा होता, चिखल्या होत्या, घामोळं होतं. शौचाच्या जागेच्या खाजेबद्दल मात्र एक ओळ नव्हती. माझी सगळी नोकरी देवगड तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून झाली. ही तक्रार माझ्याकडे सरळ कधी आलीच नाही. बाई लसीकरणाला यायची, बाळाचं वजन करून घ्यायची आणि निघताना चपला पायात सरकवत हळूच म्हणायची, "बाई, मोठो पोरगो रात्रीचो झोपाक देणा नाय."

मुलाची खाज रात्री वाढत असेल तर पहिला संशय कृमींचा घ्यावा. सुतासारखे बारीक, पांढरे किडे. मूल झोपलं की मादी आतड्यातून बाहेर येते आणि गुदाच्या कडेला हजारो अंडी घालते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तोच हात तोंडात जातो. अंथरुणावर पडलेली अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात. म्हणून एकाला झालं की शेजारी झोपणाऱ्या भावंडाला होतं, आईलाही होतं. गूळ-साखर खाल्ल्याने हे जंत होत नाहीत. त्यासाठी मुलांना बोलणी खावी लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. खात्री करायची असेल तर मूल झोपल्यावर दोनेक तासांनी किंवा पहाटे, अंग धुण्याआधी, बॅटरीच्या उजेडात बघा. किडे डोळ्यांना दिसतात.

"शाळेत गोळी घेतली, तरी खाज आहेच," असं पुष्कळ आया सांगतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. ती गोळी चुकवूच नका. पण ती किडे मारते, अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून या कृमींसाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि ती एकट्या मुलाला देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारून घ्या, गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय घेऊच नये. त्याच दिवशी चादरी, गोधड्यांच्या खोळी, रात्रीचे कपडे गरम पाण्यातून काढा. नखं कापा. मुलाला रोज सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घाला आणि चड्डी बदला, म्हणजे रात्री घातलेली अंडी धुऊन जातात. वावडिंगाचं पाणी आमच्या आजीही देत, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यावर विसंबून गोळी टाळू नका.

मोठ्या माणसांचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि आपल्या किनारपट्टीवर त्यात ओलाव्याचा वाटा मोठा. लावणीला दिवसभर चिखलपाण्यात वाकलेली बाई घरी आली तरी आधी चूल पेटवते, अंगावरचं ओलं तसंच. ट्रॉलरवरचे खलाशी गोडं पाणी वाचवायला खाऱ्या पाण्याने धुतात, त्याच ओल्या चड्डीवर जाळं ओढतात. मीठ वाळतं, कातडी चरचरते, मग खाज. एकदा खाजवलं की कातडी सोलवटते आणि सोलवटलेली कातडी आणखी खाजते. त्यावर माणसं साबण घासतात, कोणी पाण्यात जंतुनाशक ओततात, कोणी लिंबू नाहीतर लसूण चोळतात. ही कातडी फार नाजूक असते, अशाने ती भाजते. मी कळकळीने सांगते, हे करू नका.

उपाय साधे आहेत, पण नेमाने करावे लागतात. शौचानंतर नुसत्या साध्या पाण्याने धुवा. मग मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा, घासू नका. बोटीवर जाणाऱ्याने एक बाटली गोडं पाणी आणि एक कोरडी सुती चड्डी एवढ्यासाठी बाजूला ठेवावी. जळजळ असेल तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, त्यात काही घालू नका. कोरडं झाल्यावर खोबरेलाचा, नाहीतर टाचांच्या भेगांना लावतो त्या मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, अगदी पातळ हात फिरवला तर कातडीला आडोसा मिळतो. मिरची, चहा-कॉफी काही जणांना बाधते. थोडे दिवस कमी करून बघावं. पोट साफ राहायला नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी हवं, कारण कुंथण्याने मूळव्याध आणि चीर वाढते, आणि त्यांनीही खाज येते.

औषधाच्या दुकानातून 'खाजेचं मलम' मागून आणणं मला सगळ्यात घातक वाटतं. कितीतरी ट्यूबांत कडक स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, आतला नायटा मात्र पसरत राहतो आणि कातडी पातळ होते. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी असं मलम कित्येक महिने लावलं. शेवटी तपासणीत निघाली ती साखर. मधुमेहात बुरशी अशा ओलसर जागी लवकर धरते, म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला सारखी खाज येत असेल तर रक्तातली साखर बघून घ्यावी.

शौचातून रक्त, हाताला लागणारी गाठ, वजन उतरणं, शौचाची सवय बदलणं, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. आणि नुसतीच खाज असली, तरी दोन आठवड्यांत थांबली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर पुरुष असतील आणि संकोच वाटत असेल, तर तिथल्या सिस्टरला नाहीतर गावातल्या आशाताईला आधी सांगा, त्या सोबत येतील.

आपणास विनंती अशी की, जंतनाशक गोळीची पुढची फेरी येईल तेव्हा बातमीसोबत दुसऱ्या मात्रेबद्दल दोन ओळी जरूर छापाव्यात. मुख्याध्यापकांनीही शाळेच्या नळाशी साबण ठेवावा. बऱ्याच ठिकाणी नळ असतो, साबण नसतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग