काकू, तुमचा बिडाचा तवा आणि माझा पहिला कॉर्नब्रेड

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून आज चारचौघांत, लिहून सांगते आहे.

आम्हाला इथे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाला येऊन जेमतेम वर्ष झालंय. समोरच्या घरातले आजोबा गेले तेव्हा काय करावं ते मला सुचेना. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात पोचवतात, एवढंच मला ठाऊक. तुम्ही म्हणालात, "इथेही जेवणच नेतात. पिंटो बीन्स शिजव आणि सोबत कॉर्नब्रेड कर." बीन्सचं काही वाटलं नाही, उसळी आपण रोज करतो. कॉर्नब्रेड, म्हणजे इथला मक्याच्या पिठाचा पाव, मात्र मी आयुष्यात केला नव्हता.

त्या रात्रीचा पहिला प्रयत्न तुम्हाला माहीतच आहे. मक्याचं पीठ म्हणून मी आणलेली पिशवी मासा हरिनाची होती. ओव्हनमधून निघाला तो घट्ट, दडस गोळा. साडेनऊला तुम्हाला फोन केला, रडकुंडीलाच आले होते. तुम्ही आधी पिशवीवरचं वाचून दाखवायला सांगितलंत. मग म्हणालात, हे टॉर्टियाचं पीठ. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला, म्हणून तो कणकेसारखा मळला जातो. आपल्याला हवं कॉर्नमील, नुसता वाळलेला मका रव्यासारखा दळलेला. आणि भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून जे मिळतं ते तिसरंच, तो नुसता स्टार्च. तीन पिठांचा माझ्या डोक्यातला गुंता तेवढ्यात सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात. हातात कॉर्नमील, आणि कापडात गुंडाळलेला तो दहा इंची, काळा कुळकुळीत, बिडाचा खोलगट तवा. तुमच्या जुन्या शेजारणीने गाव सोडताना तुम्हाला दिलेला. इथून पश्चिमेला साउथ पिट्सबर्गला 1896 पासून लॉज कंपनी बिडाची भांडी ओततेय आणि त्याच गावात दर वसंतात कॉर्नब्रेडची जत्रा भरते, हे तुम्ही तवा पुसता पुसता सांगितलंत.

तवा ओव्हनमध्ये 450 फॅरनहाइटला तापत ठेवला. इथली जुनी माणसं त्यात बेकनची चरबी घालतात, तुम्ही तूप घालता, कारण लोणी त्या आचेला करपतं. दोन कप कॉर्नमील, मीठ, बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, दोन अंडी आणि इथलं दाटसर बटरमिल्क. आपलं घरचं ताक पातळ पडलं असतं. साखर नाही, मैदाही नाही. उत्तरेकडचा कॉर्नब्रेड केकसारखा गोड असतो, पण या भागातल्या जुन्या घरी न्यायचा तर बिनसाखरेचाच, हे तुमचं मत मला पटलं. मक्याला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून अंडी हवीत. ज्वारीची भाकरी थापताना कडा चिरतात, ते आठवलं आणि मला हे चटकन समजलं.

ताकात सोडा फसफसला तशा तुम्ही म्हणालात, "आता थांबायचं नाही." मी तवा बाहेर काढला, पीठ ओतलं आणि चर्र झालं. कडेने पीठ लगेच फुलून पांढरं पडत गेलं. "हा आवाज ऐकण्यासाठीच तवा आधी तापवायचा. खालचा खरपूस पापुद्रा इथेच धरतो."

काकू, मला खरं तर याच क्षणाबद्दल लिहायचं होतं. तवा जड, माझा हात कापत होता. तुम्ही अर्धं पाऊल पुढे आलात आणि थांबलात. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात. तुम्ही ओतलं असतंत तर दोन मिनिटांत झालं असतं, आणि मला ते कधीच आलं नसतं. माझ्या आईनं पुरणपोळी शिकवताना असंच केलं होतं.

बावीस मिनिटांनी तो ताटात उलटा केला. तळ सगळीकडून बदामी, एक कणही तव्याला चिकटलेला नाही.

समोरच्या आजींनी दार उघडलं, मला आत बसवलं. एक तुकडा मोडून उंच ग्लासात कुस्करला, वरून गार बटरमिल्क ओतलं आणि चमच्यानं खायला लागल्या. आपण ताकात भाकरी कुस्करतो ना, अगदी तसंच. म्हणाल्या, तो रोज रात्री हेच खायचा. मग माझ्यासाठीही एक ग्लास केला. आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता खात होतो.

तवा गरम पाण्यानं धुतला, आचेवर कोरडा केला आणि तेलाचा हात फिरवून ठेवलाय. रविवारी घेऊन येते. आजींनी तुम्हाला द्यायला त्यांच्या परसातली भेंडी दिली आहे, तीही आणते.

तुमची,
खालच्या गल्लीतली सूनबाई