तासाला आम्ही, प्रशिक्षणाला दुसरे : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना प्रशिक्षणाची संधी आणि सेवेची नोंद मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) : जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. याआधी अर्ज केले, निवेदने दिली. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता उघड लिहितो.

गेल्या सोमवारी आमच्या महाविद्यालयाच्या ‘प्राध्यापक वृत्ता’चा अंक आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. कोण रिफ्रेशर कोर्स करून आले, कोणाचे प्रमोशन झाले, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणी कुठल्या परिषदेत बीजभाषण केले, सगळे त्यात आहे. शिपाईमामांच्या निवृत्तीचा समारंभही आहे, आणि तो असायलाच हवा. माझी पीएच.डी. याच वर्षी झाली. तिची ओळ त्यात नाही. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचा मार्गदर्शन वर्ग सुट्टीच्या दिवशी मी घेतो. त्या वर्गाचा फोटो आहे, खाली नाव विभागप्रमुखांचे आहे. शेवटच्या पानावर वर्षभरातल्या संशोधनाचा तक्ता दिला आहे. त्यात इतिहास विभागापुढे जो आकडा आहे, त्यात माझे शोधनिबंध मात्र धरलेले आहेत. मोजताना मी प्राध्यापक आणि छापताना कोणीच नाही, हे कोणत्या नियमात बसते?

कार्यालयात विचारले. उत्तर मिळाले, “अंक स्टाफचा आहे सर, तुम्ही स्टाफवर नाही.” दुपारी ग्रंथालयात माझ्याच वर्गातल्या एका मुलीने तो अंक चाळून विचारले, “सर, तुमचं नाव कुठंच दिसंना की वो?” तिला काय सांगायचे होते मी?

तरीही नुसत्या अंकासाठी मी मंत्र्यांना पत्र लिहिले नसते. त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली आणि ती जास्त लागली. केंद्र सरकारने ५ सप्टेंबर २०२३ रोजी, शिक्षकदिनी, मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. नवे शैक्षणिक धोरण वर्गापर्यंत न्यायचे तर आधी शिक्षकाला ते कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. मी ज्या कोर्सला अर्ज भरला तो ऑनलाइन होता, मोफत होता, संध्याकाळी घरी बसून करता आला असता. महाविद्यालयाचा एक पैसा जाणार नव्हता, एक तास बुडणार नव्हता. हवे होते ते फक्त प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र. सही मिळाली नाही. “तुमचा नेमणुकीचा आदेश सत्रापुरता आहे, उद्या तुम्ही इथे असाल की नाही कोणी सांगावे, आम्ही कशाच्या आधारावर शिफारस करायची?” हे कारण. मुलांची अंतर्गत परीक्षा घेण्यासाठी, पेपर तपासण्यासाठी, प्रवेशाच्या टेबलावर बसण्यासाठी आधार पुरतो. शिकण्यासाठी पुरत नाही.

त्यानंतर सूचनाफलकावर पुण्यातल्या एका आठवड्याच्या कार्यशाळेची नोटीस लागली. विषय होता स्थानिक इतिहासाचे लेखन. खाली ओळ होती : फक्त पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकांसाठी. महोदय, आमच्याकडे स्थानिक इतिहासाचा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुलांनी स्वतः निवडायचा पेपर, मी शिकवतो. कार्यशाळेला जे सहकारी गेले ते तो पेपर शिकवत नाहीत, पुढेही शिकवणार नाहीत. माझा त्यांच्यावर राग नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या दहाव्या लेव्हलवरून अकराव्यावर जायचे तर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि शिवाय रिफ्रेशर किंवा तसा दुसरा कोर्स लागतो. त्यांना प्रमाणपत्र हवे आहे, ते गोळा करत आहेत. माझे म्हणणे त्या व्यवस्थेबद्दल आहे जिने प्रशिक्षण म्हणजे प्रमोशनची पायरी असेच ठरवून टाकले. ज्याला प्रमोशन नाही त्याला प्रशिक्षणाची गरज नाही, असा त्यातून सरळ अर्थ निघाला. मधल्या मधे वर्गात बसलेला मुलगा सगळे विसरले. त्याच्यासमोर जो उभा राहतो त्याला त्या विषयाची तयारी असावी, एवढी साधी गोष्ट कोणाच्याच फॉर्ममध्ये विचारलेली नाही.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण लागू झाले. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षणाचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली. वेळापत्रक करताना ज्येष्ठांनी आपापले मेजरचे पेपर ठेवले आणि उरलेले आमच्याकडे आले. भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर माझ्या हातात पडला तेव्हा वर्ग सुरू व्हायला जेमतेम दोन दिवस होते. संदर्भ कोणते, मूल्यमापन कसे करायचे, कला आणि वाणिज्यच्या एकत्र वर्गाला काय सांगायचे, कोणाशी चर्चा नाही. आपण व्यासपीठावरून धोरणाची अंमलबजावणी यशस्वी झाल्याचे सांगता. ती अंमलबजावणी आम्ही करतो आहोत, महोदय, आणि आम्हाला कोणी ती शिकवलेली नाही.

मला काय शिकायचे आहे ते सांगतो, कारण हे कोणी कधी विचारलेच नाही. हे सोलापूर आहे. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ घेऊन जातो आणि तिथे उभे राहून हे सांगतो. त्यातली निम्मी मुले हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आलेली असतात, गाडीला ते नाव का आहे हे त्यांना तिथे कळते. आमची जुनी मिल १८७७ सालची. गिरण्या गेल्या, पण त्यांत काम केलेली माणसे अजून पूर्व भागात आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्या आठवणी कशा नोंदवायच्या, प्रश्न कसे विचारायचे, ध्वनिमुद्रण कसे जपायचे, याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. ती मला शिकायची आहे. मोडी नीट वाचायला शिकायचे आहे. हे मी शिकलो तर उद्या माझे विद्यार्थी आपल्याच आजोबांची मुलाखत घेतील. ती माणसे गेल्यावर मग कार्यशाळा भरवून काय करायचे?

आता पैशाचे. लिहायला संकोच वाटत होता, पण तोही आता उरला नाही. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये. माझ्या आदेशावर आठवड्याला नऊ तास. चारही आठवडे सगळे तास झाले तर ३२,४०० होतात, आणि सगळे तास कधीच होत नाहीत. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गड्ड्याची यात्रा, निवडणुकीचे काम, कोणाच्या निधनाने सोडलेले महाविद्यालय. प्रत्येक वेळी आमचे पैसे कापले जातात. उन्हाळ्यात काहीच नाही. जे मिळायचे तेही बिले पास होईपर्यंत महिनोन्महिने अडकते. कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे सांगून ठेवले आहे. आयोगाची पात्रता आमच्याकडून पूर्ण घ्यायची आणि आयोगाचे मानधन मात्र द्यायचे नाही, हा कुठला न्याय?

माझी आई विड्या वळते. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू, शाळा मराठी. पाने कापताना, सुपात तंबाखू घेऊन बसलेल्या आईच्या शेजारी मी सेटचा अभ्यास केला. तिला हजारी मिळते, म्हणजे हजार विड्यांमागे पैसे, मला तासामागे. पण विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्यात भरपगारी रजा आली, पुढे ओळखपत्रही आले. तिचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. हे सोलापूरच्या बायकांनी मोर्चे काढून, लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे लढून मिळवले, कोणी दान दिले नाही. माझ्याकडे पीएच.डी. आहे आणि यातले एकही नाही. शिकलास तर सुटशील, असे ती म्हणायची. आता ती विचारते, अजून पर्मनंट का नाही झालास? तिला शासन निर्णय कसा समजावून सांगू?

या सगळ्यातला सर्वांत क्रूर भाग आपल्याला कदाचित कोणी दाखवला नसेल. २०१८च्या त्याच नियमावलीत मागील सेवा धरण्याचे कलम आहे. तात्पुरत्या किंवा कंत्राटी नेमणुकीतली वर्षे पुढे धरायची, तर त्या काळात कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी वेतन मिळालेले नसावे, अशी त्यात अट आहे. म्हणजे सरकारने कमी पैसे दिले म्हणून माझी वर्षे मोजली जाणार नाहीत. कमी देणारे तुम्ही, शिक्षा मला. मी २०१४ साली सेट झालो. तेव्हापासून शिकवलेली सगळी मुले, घेतलेले सगळे वर्ग, नियमाच्या भाषेत घडलेलेच नाहीत.

माझ्या एका सहकारी बाई बाळंतपणासाठी थांबल्या. रजा नाही, कारण आम्हाला रजाच नसते. परत आल्या तेव्हा त्यांच्या तासांवर दुसरी नेमणूक झाली होती. त्यांनी काढलेली प्रश्नपेढी विभागात अजून वापरतात. महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की आम्ही रात्री उशिरापर्यंत फाइली लावतो. सहाव्या निकषात शिक्षकांच्या सक्षमीकरणाची माहिती द्यावी लागते, तिचे रकानेही आम्हीच भरतो. कोण कुठल्या प्रशिक्षणाला गेले, कोणाला किती आर्थिक मदत दिली, सगळे टाइप करतो. त्या यादीत आमच्यापैकी एकही नाव नसते आणि समितीतल्या कोणालाही तो प्रश्न पडत नाही.

भरतीचे किती वेळा ऐकायचे? मे २०१७ मध्ये भरती थांबवली. २०१८ मध्ये ३५८० जागा जाहीर झाल्या, २०२१ मध्ये २०८८ जागा. प्रत्येक घोषणेनंतर आम्ही कागदपत्रांचे संच तयार केले, झेरॉक्सवाल्याला पैसे मोजले, जाहिरातीची वाट पाहिली. आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची आहे, ना हरकत यायची आहे, आचारसंहिता लागली आहे, न्यायालयात प्रकरण आहे. तोवर जुने प्राध्यापक निवृत्त होत राहिले आणि त्यांची जागा मोडून आमच्यासारखे दोघे घेतले गेले. जाहिरात निघालीच तर मुलाखतीआधी जागेचा भाव गावभर झालेला असतो. सत्तेत कोणताही पक्ष असो, संस्थाचालक कोणाचे तरी आमदार असतात, कोणाचे तरी व्याही असतात. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाने तो भाव कुठून आणायचा? महाविद्यालयात मुले येईनाशी झाली म्हणून सगळे ओरडतात. ज्या मास्तरला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडून मुलांनी भविष्याबद्दल काय ऐकायचे?

भरती आपल्या एकट्याच्या हातात नसेल. वित्त विभाग आहे, मंत्रिमंडळ आहे. पण प्रशिक्षणाला पैसे लागत नाहीत, एक परिपत्रक लागते. जो शिक्षक एखादा पेपर प्रत्यक्ष शिकवतो त्याला त्या विषयाच्या प्रशिक्षणासाठी शिफारसपत्र देणे प्राचार्यांवर बंधनकारक करा. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यायला लावा. प्रशिक्षणाच्या दिवसांत बुडालेल्या तासांचे मानधन कापू नका. महाविद्यालयाच्या वृत्तात, वार्षिक अहवालात, नॅकच्या कागदांत ज्याचे काम त्याचे नाव आले पाहिजे. आणि दर वर्षी शिकवलेल्या तासांचे अनुभव प्रमाणपत्र मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळाले पाहिजे. आज ते मिळवण्यासाठी आम्ही कार्यालयात हात जोडून उभे राहतो. मागील सेवेच्या अटीबद्दल राज्य सरकारने आयोगाला पत्र लिहावे, आणि लिहिलेले पत्र जाहीर करावे.

पुढच्या वर्षीच्या सीएचबीच्या जाहिराती जूनमध्ये निघतील. परिपत्रक त्याआधी निघाले, तर नव्या आदेशात या गोष्टी लिहून घेता येतील. नंतर निघाले, तर आणखी एक वर्ष जाईल. आपल्या कार्यालयाकडून पोच नको, उत्तर हवे आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक,
सोलापूर

ता. क. नाव लिहिलेले नाही, कारण जूनमध्ये मुलाखत पुन्हा त्याच लोकांसमोर द्यायची आहे. आपण भेटीची वेळ दिलीत, तर आदेशांच्या सगळ्या प्रती, नाकारलेला अर्ज आणि तो अंक घेऊन नावानिशी मंत्रालयात येईन. माझ्याबरोबर आणखीही बरेच जण येतील.