पिवळ्या फिंचची ओळख पटवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

न्यू जर्सीतील आमच्या परसात येणाऱ्या फिंच पक्ष्यांकडे पाहण्याची रीत आपण मला शिकवलीत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लाल माथ्याच्या हाउस फिंचांमध्ये पिवळ्या माथ्याचा एक नर दिसल्यावर त्याची जात कोणती, असे मी आपल्याला विचारले होते. आपण लगेच नाव सांगितले नाहीत. रंग बाजूला ठेवून चोचीचा बाक, कुशीवरील तपकिरी रेघा आणि शेपटीचे टोक आधी पाहायला सांगितलेत. या तिन्ही खुणा शेजारच्या लाल नरांशी जुळल्या, आणि तोही हाउस फिंचच ठरला. मग आपण कारण समजावलेत: हा लाल रंग ज्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांपासून बनतो, ती पक्ष्याला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस जुनी पिसे गळून नवी येत असताना त्याला काय खायला मिळाले आणि त्याची प्रकृती कशी होती, यावर पुढील वर्षभराचा लाल, नारिंगी किंवा पिवळा रंग बराचसा अवलंबून असतो. हवाई बेटांवर तर पिवळे-नारिंगी नर सर्रास दिसतात. वसंतात हेच नर अधिक झळझळीत का वाटतात, याचेही उत्तर (पिसांची फिकट टोके तोवर झिजलेली असतात) आपल्याकडूनच मिळाले.

हा पक्षी मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि मेक्सिकोतला. 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कमधील पक्षी-विक्रेत्यांनी, या पक्ष्यांचा बेकायदा व्यापार अंगाशी येऊ लागल्यावर, लाँग आयलंडवर पिंजरे उघडले आणि तिथून तो अमेरिकेच्या पूर्व भागात सर्वत्र पसरला, ही हकीकत आपण ज्या मिश्कीलपणे सांगितलीत, ती आम्हां स्थलांतरितांच्या घरात अजून चवीने सांगितली जाते.

फीडर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचे भांडे) वेळोवेळी धुण्याबद्दल आपण जो आग्रह धरलात, तो आधी मला अंमळ कडकच वाटला होता. परंतु 1994 पासून हाउस फिंचांमध्ये पसरलेला डोळ्यांचा संसर्गजन्य आजार गर्दीच्या फीडरवर सहज फैलावतो, हे कळल्यावर त्या आग्रहाचे मोल पटले.

आता एक विनंती. हिवाळ्यात पर्पल फिंच इकडे उतरतात. त्यांच्या नराच्या पाठीवरही गुलाबी छटा असते आणि मादीच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते, एवढे मी टिपून ठेवले आहे; मात्र पहिल्या वर्षाचा नरही मादीसारखाच तपकिरी असल्याने त्या दोघांत फरक कसा करावा, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. थंडीत एखाद्या सकाळी काकूंसह चहाला यावे. दुर्बीण आपलीच आणावी, आमची आपल्याला पसंत नाही, हे ठाऊक आहे.

आपला कृतज्ञ,
पलीकडच्या गल्लीतील शेजारी