मधे, तू तिच्याशी बोल

ठाणे
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय मधे,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच "थांब गं, कुकर बघून येते" म्हणतेस आणि परत येतेस ती भलत्याच विषयावर. म्हणून लिहितेय. इकडे सगळे बरे. आईचं बीपी गोळ्यांवर आहे, माझी टाच अधूनमधून ठणकते. तब्येतीचं एवढंच.

चिऊबद्दल लिहायचंय, माझ्याकडे जिम्नॅस्टिक्स शिकते ती. जिचा बीमचा व्हिडिओ बघून तू "आधी हिची दृष्ट काढ" म्हणालीस ती. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा प्रॅक्टिस सुटली, सगळ्या पोरी बॅगा उचलून दाराकडे पळाल्या. ही मागे राहिली. भिंतीला एक हात लावला, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली गेली, बॅगेचा पट्टा दोन बोटांत अडकवला आणि तशीच सरळ वर आली. कंबर तसूभरही वाकवली नाही. मी बघतेय हे लक्षात आल्यावर छान हसली. मधे, माझ्या पोटात गोळा आला. त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, दिसलं असतं तरी कळलं नसतं. बालेवाडीच्या स्टेटच्या, म्हणजे राज्य स्पर्धेच्या आधी तू अशीच बॅग उचलायचीस, आणि मी विचारलं की म्हणायचीस, "मांड्या बनवतेय."

एक्स-रे स्वच्छ आला. मी हट्टाने एमआरआय करायला लावला. कंबरेच्या शेवटच्या मणक्यावर ताण दिसतोय, चीर अजून गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तीन महिने मागे वाकायचं नाही, म्हणजे ब्रिज, वॉकओव्हर, फ्लिक सगळं बंद. उड्या बंद, लँडिंग बंद. पोर बारा वर्षांची आहे आणि या वर्षात अशी सरसर वाढलीय की लिओटार्ड खांद्यात रुततात. या वयात हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात, आणि सगळा भार येतो तो नेमका तिथेच. तुला हे मी काय सांगायचं.

आणि दिवाळी झाल्या झाल्या बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या अकादमीची निवड चाचणी आहे. तिचे वडील म्हणाले, "तेवढी होऊ द्या मॅडम, मग तीन काय, सहा महिने घरी बसवतो." मी म्हटलं, कोच म्हणून फॉर्मवर मी सही करणार नाही. वाईट माणूस नाही गं तो. ऑफिसातून तसाच येतो, तिचा डबा हातात, आणि तिचे सगळे स्कोअर एका डायरीत लिहून ठेवतो, उपकरणाप्रमाणे, तांबड्या पेनने. पण त्या दिवशी फार लागलं त्याला. म्हणाला, "एवढी गुणी पोर तुमच्या भीतीपायी मागे पडेल. पुढे लोक विचारतील, कुठे गेली ती ठाण्याची मुलगी?" चिऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. रोज येते, बाकावर बसते, इतरांचं बघते आणि वेळ झाली की जाते.

नेमकी त्याच आठवड्यात दीपा कर्माकारने निवृत्ती जाहीर केली. खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "बिचारी, पदक काही मिळालं नाही शेवटी." मी तिथेच सुरू झाले, लिफ्ट दोनदा वरखाली झाली असेल. सपाट पायांची मुलगी, आगरतळ्यासारख्या ठिकाणी नंदी सरांच्या हाताखाली तयार झाली, रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टच्या फायनलला गेली, प्रोडुनोव्हा नावाची ती जीवघेणी उडी टाकली आणि १५.०६६ घेऊन चौथी आली. श्टाइनग्रुबरला ब्राँझ मिळालं ते १५.२१६ वर. दीड दशांशाचा फरक! पुढे गुडघा गेला, ऑपरेशन झालं, परत आली. डोपिंगच्या बंदीत एकवीस महिने गेले, परत आली. २०२३ ला एशियाडच्या चाचणीत पहिली आली तरी निकषांवर बोट ठेवून तिला पाठवलं नाही. आणि यंदा ताश्कंदला एशियन चॅम्पियनशिपमध्ये तिने व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं, आपल्याकडे याआधी कुणालाच मिळालं नव्हतं. एकतीस वर्षांची आहे ती. बिचारी कसली?

तुला रिओची ती रात्र आठवते ना? ती लँड झाली तेव्हा आपण अशा किंचाळलो की तुझे सासरे काठी घेऊन बाहेर आले, त्यांना वाटलं चोर शिरला. आणि नंतर पहाटेपर्यंत भांडलो. तू म्हणत होतीस की ही उडी तिला करूच द्यायला नको होती, मान मोडली असती. मी म्हणत होते, तिची उडी, तिचा निर्णय. आता तू मला पकडणार की मग चिऊचा निर्णय चिऊचा का नाही. मधे, दीपा तेवीस वर्षांची होती. तिला ठाऊक होतं ती काय पणाला लावतेय. चिऊला पणाला लावणं म्हणजे काय हेच अजून माहीत नाही.

पण एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. रात्री मी परत त्या दोघींचे व्हिडिओ बघत बसते. आपल्या कोच सरांच्या त्या कॅसेटमधल्या, जिच्यात मधेच त्यांच्या भाच्याची मुंज घुसली होती आणि तू बटूची नक्कल करून आम्हाला हसवून मारलं होतंस. सोव्हिएत संघाच्या मोस्तेपानोव्हा आणि मुखिना. आता यूट्यूबवर दोघी लख्ख दिसतात.

मोस्तेपानोव्हाला रोखलं. १९८४ ला बहिष्कारापायी सोव्हिएत मुली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकला गेल्याच नाहीत, त्यांची स्पर्धा झाली ओलोमोउत्सला. तिथे ऑल-अराउंडला, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या एकत्र स्पर्धेत, हिने चारही उपकरणांवर दहा घेतले. चाळीसपैकी चाळीस. पुढच्या वर्षी माँट्रिऑलच्या जागतिक स्पर्धेत ती ऑल-अराउंडच्या फायनलसाठी पात्र ठरली होती, तर तिला आणि बराक्सानोव्हाला प्रशिक्षकांनी बाहेर काढलं आणि शुशुनोव्हा आणि ओमेलियान्चिकला आत घातलं. त्या दोघींनी सुवर्ण वाटून घेतलं, म्हणजे काढणाऱ्यांचं गणित बरोबरच ठरलं! मोस्तेपानोव्हा त्यानंतर संपली. आणि तिच्या जागी आलेली ओमेलियान्चिक, तीही सोलला संघाबरोबर गेली ती राखीव म्हणून, ऑलिम्पिकच्या मॅटवर तिचं पाऊल कधी पडलंच नाही. बीमवर मोस्तेपानोव्हाचा हात वर जातो ना, मनगटानंतर बोटं सावकाश उघडत जातात, ते मी चिऊला दाखवलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी हुबेहूब केलं.

मुखिनाला कुणी रोखलं नाही. १९७८ ला स्ट्रासबूर्गला नादिया कोमानेची आणि नेली किम दोघींना मागे टाकून जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी पाय मोडला. तो नीट भरायच्या आत तिला परत उभं केलं, कारण मॉस्कोचं ऑलिम्पिक तोंडावर होतं. तिच्याकडून करून घेत होते ती थॉमस साल्टो, ही मुळात पुरुषांची उडी, लँडिंग नाहीच त्यात, थेट कोलांटीत शिरायचं. पाय नीट भरलेला नसताना तेवढी उंची मिळणार कुठून? ती सांगत होती की माझी मान मोडेल. प्रशिक्षकाने तिला सांगितलं, तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात. ३ जुलै १९८०, मिन्स्क. ऑलिम्पिकला दोन आठवडे राहिले होते. हनुवटीवर पडली आणि गळ्याखाली सगळं गेलं. वीस वर्षांची होती. त्यानंतर सव्वीस वर्षं जगली तशी. नंतर मुलाखतीत तिने सांगितलं की खाली पडल्यावर पहिला विचार आला तो हा, की चला, आता ऑलिम्पिकला जावं लागणार नाही. मधे, हे वाचलं की मला उठून जिमचे सगळे दिवे बंद करावेसे वाटतात.

या दोघींच्या मधे मी अडकलेय. एकीला थांबवलं म्हणून गेली, एकीला थांबवलं नाही म्हणून गेली. दोन्ही वेळा ठरवणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि हिशेब मात्र त्या मुलींच्या नावावर लिहिला गेला. चिऊच्या बाबतीत ती दुसरी कुणीतरी मी आहे. सही केली नाही तर चाचणी हुकते, आणि पुढच्या वर्षी तिची उंची, तिचं वजन, तिचा ट्विस्ट कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही. आपल्या खेळात एक वर्ष म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सही केली तर मणका.

तू म्हणशील रशियाच्या कोमोव्हाचं बघ. तुझी कोमोव्हा! माझी मुस्तफिना, तुझी कोमोव्हा, आणि लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास, जसं काही मीच तिला व्हॉल्टवरून ढकललं होतं. पण तुझं एक म्हणणं तेव्हाही खरं होतं. तोक्योच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या विबरकडून ०.०३३ ने हरली, लंडनला गॅबी डग्लसकडून ०.२५९ ने, आणि लोकांनी लगेच तिला रडूबाई ठरवलं. सतरा वर्षांची मुलगी होती ती. पुढे ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत बार्सवर चौघींत सुवर्ण वाटून घेतलं, मग पाठ गेली, आणि रिओ राहिलं. पाठच, मधे. मी तेव्हा तुला चिडवायचं सोडून दिलं ते त्या बातमीनंतर.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तू मला दोन वेळा दोन उलट गोष्टी सांगितल्या आहेस. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर म्हणालीस, "सरांनी तेव्हा मला कान धरून घरी बसवलं असतं तर आज मी माझ्या पोरीला कडेवर घेऊन जिना चढले असते." आणि नंतर कधीतरी महाबळेश्वरच्या गाडीत, कुणी काही विचारलेलं नसताना, "त्या स्टेटला मला कुणी अडवलं असतं तर त्याचं तोंड आयुष्यात बघितलं नसतं." तेव्हा मी गप्प राहिले, कारण गाडीत नंदू होता. दोन्ही वेळा तू खरं बोलत होतीस हे मला कळतं. पण मला चिऊला काय सांगायचं ते यातून ठरत नाही.

सही मी करणार नाही, ते ठरलं आहे. उद्या तिच्या वडिलांनी दुसऱ्या कोचकडून सही आणली तर मी अकादमीला एमआरआयचा अहवाल स्वतः कळवणार आहे, मग ते मला काहीही म्हणोत. पण ती पोर माझ्याकडे बघत नाही, आणि मी काही बोलले तर तिला ते अडवणाऱ्या बाईचं बोलणं वाटतं. तुझं तसं वाटणार नाही. तिला तुझं नाव माहीत आहे, हॉलमधल्या जुन्या फोटोत बीमवर तू आहेस आणि ती मला एकदा विचारत होती की ही ताई पुढे कुठे खेळली. मी तेव्हा विषय बदलला. तू तिला सांग. बॅग कशी उचलायचीस ते सांग, सुवर्ण मिळालं तेव्हा पोडियमवर चढताना काय झालं ते सांग, आणि गच्चीवरचं वाक्य सांगायचं की गाडीतलं, ते तिच्याशी बोलताना तुझं तू ठरव. दोन्ही सांगितलीस तरी चालेल.

तुझ्या बदलीचं काय झालं? कोल्हापूर कायम राहिलं तर मी भाऊबीजेनंतर येते. रेवाची सहामाही संपली असेल, तिला माझी पापी. सासूबाईंचा मोतीबिंदू उरकून घे, दिवाळीनंतर डॉक्टर मिळत नाहीत. आणि तू पोहायला जातेस की बंद केलंस? खरं सांग.

तुझी,
नीलू

ता. क. चिऊच्या आईचा नंबर मेसेज करते. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा घरी असतात. फोन वडिलांनी उचलला तर सवयीने "बँकेतून बोलतेय" म्हणू नकोस, ते लगेच ठेवतात.